गाणं संपल्यावर

आमच्या सोसायटीच्या गणपतीत एक संध्याकाळ मुलांची असते. पार्किंगमधल्या चार गाड्या रस्त्यावर जातात, त्यांच्या जागी दोन सतरंज्या आणि एक माइक येतो. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आजी-आजोबा, मागे मोबाइल उंच धरून उभे राहिलेले आईबाप. यंदा तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी अभंग म्हणायला उभी राहिली. वय आठ, फार तर नऊ. शिवलेली नऊवारी, कपाळावर चंद्रकोर, आणि माइक धरायची पद्धत अशी की माझ्यासारख्याने बघून शिकावं. तिच्या बाबांनी मोबाइलवर ट्रॅक लावला, स्पीकरमधून पखवाज वाजला आणि पोरीने काय सूर लावला! मोदकांच्या ताटाभोवती घुटमळणारी पोरं क्षणभर थांबली. शेवटची तिहाई बरोब्बर समेवर आली, हात वर गेला, टाळ्या झाल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी पुढचं नाव पुकारलं. पण ही जागची हलेना. मान डावीकडे वळवून ती उभीच. डावीकडे प्रसादाचं टेबल होतं आणि तिथे आमचे सेक्रेटरी पंचखाद्याच्या पुड्या मोजत बसले होते. ताई म्हणाल्या, "छान झालं हं बाळा, जा आता." तर ती माइकमध्येच म्हणाली, "कमेंट?"

टीव्हीवरच्या स्पर्धेत गाणं संपलं की परीक्षक देतात, तशी. सगळं पार्किंग हसलं. मीही हसलो. सेक्रेटरींनी प्रसंग ओळखून पुडी खाली ठेवली आणि दोन्ही हात उंचावून "शंभरपैकी शंभर!" म्हणून जाहीर केलं. पुन्हा हशा. मुलगी मात्र हसली नाही. एखाद्या खिडकीवर अर्ज द्यावा आणि आतल्या माणसाने न वाचताच त्यावर शिक्का मारावा, तसा तिचा चेहरा झाला होता. ती वाकून नमस्कार करून गेली.

तो चेहरा विसर्जनानंतरही गेला नाही.

मीही लहानपणी टीव्हीवर गायलेलो आहे. हे वाक्य मी एवढ्या वर्षांत पाच-सहा वेळाच उच्चारलं असेल, कारण पाठोपाठ "कुठे बघायला मिळेल?" असा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर 'कुठेच नाही' असं आहे. मी स्वतःसुद्धा ते पाहिलेलं नाही. ही १९८० सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो आणि सदाशिव पेठेत एका बाईंकडे गाणं शिकत होतो. बाई म्हणजे बाईच, त्यांना मॅडम किंवा टीचर म्हणायची कोणाची प्राज्ञा नव्हती. मुंबई दूरदर्शनच्या 'किलबिल'मध्ये आमच्या क्लासचं एक समूहगीत घ्यायचं ठरलं. आठ मुलं, पावसाचं गाणं, आणि दुसऱ्या अंतऱ्यातली एक ओळ मला एकट्याला. त्या एका ओळीसाठी घरात महिनाभर दही-ताक बंद होतं. चिंचेकडे नुसतं बघितलं तरी आजी ओरडायची.

पुण्याला तेव्हा टीव्ही सिंहगडावरून यायचा. मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी गडावरून त्याचं सहक्षेपण होऊ लागलं. त्यामुळे झालं असं, की पेठांतल्या यच्चयावत वाड्यांच्या कौलांवरचे अँटेना एकाच दिशेला तोंड करून उभे असत. दिशा चुकलेलं पाहुणं माणूस अँटेना बघून नैर्ऋत्य ओळखू शकलं असतं. आमच्या वाड्यात टीव्ही एकच, मालकांकडे. लाकडी शटरचा, चार पायांवर उभा. संध्याकाळी दारात चपलांचा ढीग, आत जाजमावर आम्ही पोरं, आणि अँटेना फिरवायला कौलांवर चढलेला कोणी तरी वरून ओरडतोय, "आलं का?" आणि खालून आम्ही, "होतं ते पण गेलं!"

तर आम्ही डेक्कन क्वीनने मुंबईला गेलो. सकाळी सव्वासातची गाडी. आईने शाळेचा पांढरा शर्ट नीळ घालून, कडक इस्त्री करून दिला होता. वरळीच्या स्टुडिओत पोचल्यावर एका गृहस्थांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. पांढरा कॅमेऱ्यात भगभगतो म्हणे. मग एका मोठ्या मुलाचा जास्तीचा निळा शर्ट माझ्या अंगावर चढला, बाह्या चार वेळा दुमडून. स्टुडिओ आठवतो तो आधी गारव्याने आणि मग उष्णतेने. दारातून आत जाताना अंगावर काटा येईल असा एसी, आणि दिवे लागले की डोक्यावर ऊन तापल्यासारखं. पायाखाली अजगरासारख्या केबली. तोंडाला फासलेल्या पावडरीचा गोडसर वास. कानाला हेडफोन लावलेल्या माणसाने हात वर केला, हात खाली आला आणि आम्ही गायलो. माझी ओळ आली, गेली. गाणं संपलं. मी वाट बघत राहिलो.

कशाची, ते तेव्हा कळलं नाही. टाळ्या नव्हत्या, कारण समोर माणसंच नव्हती, काळे कॅमेरे होते. हेडफोनवाल्याने कानात काही तरी ऐकलं, अंगठा दाखवला, भपकन दिवे गेले आणि "पुढचे कोण?" अशी हाक झाली. आम्ही बाहेर आलो, कँटीनमध्ये बटाटेवडे खाल्ले. बाई एवढा वेळ गप्प होत्या. व्हीटीवर संध्याकाळची गाडी पकडायला लगबगीने चालताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझा नी जरा उतरला. चला, गाडी चुकेल." नी, म्हणजे सप्तकातला सातवा सूर, हवा त्याहून खाली लागला होता.

ज्या संध्याकाळी कार्यक्रम लागणार होता, तेव्हा मालकांकडे उभं राहायला जागा नव्हती. आईने शेजारपाजारच्यांसाठी चक्क पेढे आणले होते. निवेदिका दिसली, 'किलबिल'ची अक्षरं दिसली, आणि पेठेतले दिवे गेले. आले तेव्हा बातम्या चालू होत्या. आईने पेढे वाटले तरी. दुसऱ्या दिवशी कर्वे रोडवर राहणारी काकू मुद्दाम आली आणि म्हणाली, "दिसलास हो! पण गाताना तोंड जरा वाकडं करतोस." माझ्या दूरचित्रवाणी कारकिर्दीचा हा एकमेव साक्षीदारी पुरावा. तोंड वाकडं आणि नी उतरलेला.

या जोरावर आजच्या रिअ‍ॅलिटी शोंविषयी नाक मुरडायचा मला पूर्ण अधिकार आहे, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. 'आमच्या वेळी मुलं गायची आणि घरी यायची' वगैरे. पण २००९ च्या फेब्रुवारीत 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'ची अंतिम फेरी झाली तेव्हा आमच्या घरात जे चाललं होतं ते आठवलं की हा अधिकार डळमळतो. आई आळंदीच्या कार्तिकी गायकवाडच्या मागे ठाम उभी. "पोरीच्या गळ्यात वारी आहे," हे तिचं म्हणणं. बायको आर्या आंबेकरच्या बाजूने, कारण एक तर आवाज आणि दुसरं म्हणजे पुण्याची. मुलाला मुग्धा वैशंपायन हवी होती, तीच काय ती त्याच्यापेक्षा लहान दिसत होती म्हणून. मी मनातल्या मनात प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत या दोघांच्या बाजूने, पण गाण्यासाठी नाही. त्यांचं वय बघून मला धाकधूक व्हायची. प्रत्येक वरच्या सुराला मी खुर्चीचा दांडा धरायचो. आईला तोवर मोबाइलवर फोन घेण्यापलीकडे काही येत नव्हतं. ती त्या पंधरवड्यात एसेमेस करायला शिकली. बिल बघून मी बोललो, तर म्हणाली, "तुझ्या वेळी मत द्यायची सोय असती तर मी घर विकलं असतं."

त्या कार्यक्रमात गुण आकड्यांत नव्हते, सुरांत होते. 'ध' मिळाला की बरं, 'नी' मिळाला की फार छान, आणि खरोखर रंगलं तर वरचा 'सा'. कल्पना मोठी गोड. पल्लवी जोशी मुलांशी बोलायच्याही अशा, की ती आपल्याच घरात आली आहेत असं वाटावं. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत तारीफ करताना खुर्चीवरून अर्धे उठायचे. पण कॅमेरा नेमका कुठे जायचा, ते आता मागे वळून बघताना जाणवतं. गाणं संपलं की तो मुलाच्या चेहऱ्यावर यायचा आणि तिथेच थांबायचा. परीक्षक बोलायच्या आधीचे ते तीन-चार सेकंद. घाम, पापण्या, ओठांचा कोपरा. गाण्यापेक्षा त्या सेकंदांनाच आम्ही अधिक चिकटून बसलो होतो, हे कबूल करायला हवं. मला वरळीला जी वाट बघावी लागली होती, तिचाच यांनी कार्यक्रम केला होता.

याच शहरात साधारण १८९८ साली एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा लोकमान्य टिळकांसमोर गायला, आणि ते म्हणाले, हा तर बालगंधर्व आहे. नारायण श्रीपाद राजहंस हे नाव त्या एका शेऱ्याखाली कायमचं झाकलं गेलं. म्हणजे कमेंटचा इतिहास पुण्याला नवा नाही. गंमत अशी की बालगंधर्व सत्तरी ओलांडलेले झाले तरी 'बाल'च राहिले. १९६७ मध्ये ते गेले, पुढच्या वर्षी नदीकाठी रंगमंदिर उभं राहिलं, त्याच्याही कपाळावर 'बाल' आलंच. आणि कुमार गंधर्वही तसेच. शिवपुत्र कोमकळी या पोराला लहानपणीच 'कुमार गंधर्व' म्हणू लागले आणि तेच टिकलं, थेट १९९२ मध्ये ते जाईपर्यंत. आपले दोन सर्वांत स्वतंत्र वळणाचे गायक, आणि दोघांच्या नावाला लहानपणी मिळालेला शेरा चिकटलेला.

कुमारांची गोष्ट मला यात जास्त छळते. ते मोठमोठ्या उस्तादांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तशाच गाऊन दाखवत. माणसं थक्क व्हायची. अकराव्या-बाराव्या वर्षी ते मुंबईला देवधर मास्तरांकडे गाणं शिकायला आले, आणि ज्या नकलेवर जग टाळ्या वाजवत होतं तिच्यातून बाहेर पडून स्वतःचं गाणं शोधायला तिथून पुढची कितीतरी वर्षं गेली. टीव्हीवर एखादं पोर मूळ गाण्यातली हरकतन्‌हरकत, मूळ गायिकेच्या श्वासासकट उतरवतं आणि परीक्षक "सेम टु सेम!" म्हणतात, तेव्हा मला नेहमी वाटतं, या पोराला देवधर मास्तर कधी भेटणार? भेटेपर्यंत पुढचा सीझन आलेला असतो.

मुलाने एकदा मला अमेरिकेतली एक जुनी चित्रफीत दाखवली. १९६९ चा डिसेंबर, एड सलिव्हन यांचा विविधरंगी कार्यक्रम, आणि भावांच्या पुढे उभा अकरा वर्षांचा मायकल जॅक्सन. तो विरहाचं गाणं म्हणणार असतो, पार मोठ्या माणसाचं दुःख. त्याआधी तो प्रेक्षकांना एक किस्सा सांगतो. शाळेतली एक मुलगी, वाळूच्या खड्ड्यापाशी ओळख, दुधाच्या सुटीत प्रेम, आणि बोटांनी चित्रं रंगवताना भांडण. प्रेक्षक हसतात आणि मग तो गातो, ते ऐकून हसू घशातच राहतं. मला त्या किश्श्याचं फार कौतुक वाटलं. कोणा तरी मोठ्या माणसाला जाणवलं असणार, की या गळ्यातून हे शब्द येणं विचित्र आहे, मध्ये एक पायरी बांधायला हवी. आपल्याकडे नऊ वर्षांची मुलगी शृंगाराची लावणी अदेसकट पेश करते तेव्हा ती पायरी कोणी बांधत नाही. आपण 'काय एक्स्प्रेशन!' म्हणतो.

इटलीत याहून निराळा प्रकार आहे. 'झेक्कीनो दोरो' नावाचा मुलांच्या गाण्यांचा महोत्सव तिथे १९५९ पासून टीव्हीवर चालू आहे. मुलंच गातात, परीक्षकही मुलंच, पण स्पर्धा गाण्यांची. बक्षीस गाणं लिहिणाऱ्या-बांधणाऱ्या मोठ्या माणसांना जातं. पोर हरतच नाही, हरतो तो संगीतकार. हे वाचलं तेव्हा मी टाळी दिली होती. आता तितकीशी देववत नाही. कारण तिथल्याही एखाद्या मुलाला गाणं संपल्यावर वाटत असेलच, की ते ठीक आहे हो, पण माझं कसं झालं?

आपल्याकडेही आता नियम आहेत. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, पुढच्या वर्षी नियम आले. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत. मी उभा जन्म बँकेत काढला, त्यामुळे हे शेवटचं कलम वाचून उगाच भरून आलं. तास मोजता येतात, पैसे मोजता येतात. त्या तीन-चार सेकंदांचं काय करायचं, ते मात्र कोणत्या कलमात बसवणार?

माझा आवाज तेराव्या वर्षी फुटला. बाईंच्या पेटीवर मी काळी चारमध्ये, म्हणजे चांगल्या उंच पट्टीत गायचो. एका सोमवारी 'सा' लावला तर घशातून दोन माणसं एकदम बोलली. बाकीची पोरं खिदळली. बाईंनी भाता बंद केला आणि म्हणाल्या, "झालं. आता वर्षभर जोर लावायचा नाही. खालच्या पट्टीत, हळू, रोज थोडं." स्वरतंतू वाढतात, जाड होतात, मग गळा नव्याने ओळखावा लागतो, हे मला खूप नंतर समजलं. तेव्हा एवढंच समजलं, की जो मुलगा गायचा तो गेला आणि त्याच्या जागी काळी एकमध्येही धड न गाणारा कोणी आलाय. मी पुढच्या सोमवारी गेलो नाही. बाईंनी दोनदा निरोप पाठवला. पुढे बारावी, पुढे बँकेची परीक्षा. त्या गेल्याचं मला पेपरात वाचून कळलं.

म्हणून २०२१ मध्ये ते पाचही 'लिटिल चॅम्प्स' त्याच कार्यक्रमात परत आले, आणि या वेळी परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसले, तेव्हा मी चहा हातात तसाच धरून बघत राहिलो. मुलांचे आवाज फुटून नवे तयार झालेले. पोरीही बदललेल्या, पण गाणाऱ्याच. समोर एक चिमुरडं गाऊन थांबलं, आणि कॅमेरा सवयीने त्याच्या चेहऱ्यावर गेला. मी मात्र खुर्च्यांवरच्या चेहऱ्यांची वाट बघत होतो. त्यांना आठवत असेल का? बहुधा असेल. बोलताना त्या खुर्च्यांवरचा आवाज जरा खाली यायचा, निदान मला तसं वाटलं.

आई तोवर नव्हती. असती तर तिने पाचही जणांना मत दिलं असतं.

गणपतीनंतर आठेक दिवसांनी, भाजीच्या पिशव्या घेऊन मी लिफ्टमध्ये शिरलो तर ती मुलगी आत. पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली, चंद्रकोर नाही. मला बघून ती थोडी सरकली आणि पुन्हा आपल्या तंद्रीत गुणगुणू लागली. तोच अभंग, तोच दुसरा अंतरा. आमची लिफ्ट जुनी आहे, मजल्यामजल्याला विचार करते. मी ऐकत होतो. ओळ वर चढली आणि वरच्या टोकाला नी किंचित खाली बसला. गणपतीतही तिथेच बसला होता. तेव्हाच ऐकला होता मी. हसण्याच्या आधी.

मनात आलं, हिला काय सांगायचं? हिच्या वयाला काय पेलेल? गोड बोलून सुरुवात करावी का? एवढ्यात तोंडून निघून गेलं, "तिथे नी जरा उतरतोय तुझा."

मी घाबरलो. आता ही रडते की काय. ती थांबली, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि अगदी कामाचं बोलावं तशी म्हणाली, "हो. तिथे श्वास पुरत नाही मला."

"मग आधीच्या शब्दावर घे की. 'विठ्ठल' म्हणायच्या आधी."

तिने तोंडातल्या तोंडात ओळ म्हणून बघितली. एकदा, पुन्हा एकदा. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. तिने दार सरकवलं, बाहेर पाऊल टाकलं आणि वळून म्हणाली, "काका, मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

दार तिनेच लावलं. माझा मजला पाचवा.